चेंबरातला नागप्पा

माणसं साप बघायला जंगलात जातात. गमबूट घेतात, दुर्बीण घेतात, दोन दिवस काट्याकुट्यांतून हिंडतात आणि एखादी फाटकी कात घेऊन परत येतात. मी एकतीस वर्षं हुबळीत पाणी सोडायची नोकरी केली आणि सापासाठी कधी गावाबाहेर पाऊल टाकलं नाही. साप बघायचा असेल तर रस्त्यातलं पाण्याचं झाकण उचलावं. खाली कुणी ना कुणी घरी असतंच.

ज्यांच्या नळाला चोवीस तास पाणी असतं त्यांना हे समजायचं नाही, म्हणून आधी धंदा सांगतो. आमच्याकडे वर्षानुवर्षं पाणी पाळीने आलं. पाळी कधी चार दिवसांनी, कधी आठ, आणि मोठा पाइप फुटला तर रामभरोसे. प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी रस्त्यात विटांचा एक खड्डा असतो, त्याला आम्ही चेंबर म्हणतो. वर लोखंडी झाकण, आत त्या गल्लीचा व्हॉल्व्ह. माझ्याकडे चार फूट लांब लोखंडी चावी. तिचं तोंड व्हॉल्व्हच्या चौकोनी डोक्यावर बसवायचं आणि फेरे मोजत फिरवायचं. कुठल्या गल्लीला किती फेरे, हे कागदावर कुठंच लिहिलेलं नसतं, ते पाणी सोडणाऱ्याच्या मनगटात असतं. कमी दिले तर गल्लीच्या शेवटच्या घरात नळ नुसता फुसफुसतो. जास्त दिले तर पुढची गल्ली रस्त्यावर उतरते. माझं नाव यशवंत, पण ते बँकेतल्या पासबुकापुरतं. गावासाठी मी पाणीअण्णा.

आता चेंबरात साप का? तिथं व्हॉल्व्ह थोडाफार पाझरतो म्हणून ओल असते, ओल असते म्हणून बेडूक असतात, आणि बेडूक असले की पाहुणा ठरलेला. उन्हाळ्यात आमची काळी माती भेगाळते, वर पाय ठेववत नाही, तेव्हा सापाला यापेक्षा चांगली खोली कुठं मिळणार? मला हे शिकवलं बसप्पाने. मी लागलो तेव्हा तो म्हातारा झाला होता. पहिल्याच दिवशी त्याने मला सांगितलं, ‘‘हाव कंड्र निल्लु, ओडब्याड.’’ साप दिसला की थांब, पळू नको. मग झाकणावर चावीने तीन ठोके मारायला लावले. सापाला आपली हाक ऐकू येत नाही, पण जमीन हादरली की ती त्याला पोटाने कळते. ठोके मारून थोडं थांबायचं आणि झाकणाची पलीकडची कड उचलायची, म्हणजे आपल्यात आणि आतल्या मालकात झाकण उभं राहतं. बसप्पा म्हणायचा, दुसऱ्याच्या घरात जाताना कडी वाजवतोस ना, तसंच आहे हे.

त्या ठोक्यांच्या जोरावर मी पुष्कळ ओळखी केल्या. चॉकलेटी अंगावर पिवळसर पट्टे असलेला कवड्या, जो बिचारा मण्यारीसारखा दिसतो म्हणून फुकट मार खातो. पंपाच्या खोलीतली सात फुटी धामण, जिच्यामुळे तिथं उंदीर औषधालाही उरला नव्हता. खरी मण्यार दोनदा. दोन्ही वेळा मी झाकण हळूच परत ठेवलं, सर्पमित्राला बोलावलं आणि तो येईपर्यंत पाण्याची बोंब झाली तर होऊ दिली. चेंबरजवळ बेडूक ओरडता ओरडता एकदम गप्प झाले की मला शाळेतल्या पोरासारखा आनंद व्हायचा. समजायचं की साहेब राउंडला आलेत.

एकदा तर साप ऑफिसात आला. एका बाईंच्या नळातून बादलीत पडलेला, गांडुळाएवढा, काळा आणि चकचकीत. त्यांचे यजमान बादली घेऊन आले तेव्हा आमच्या साहेबांनी दोन्ही पाय खुर्चीवर घेतले आणि मला बोलावणं धाडलं. मी सांगितलं, ‘‘साहेब, हा वाळा. मुंग्यांची अंडी खातो. तोंड एवढंसं, की चावतो म्हटलं तरी जमायचं नाही.’’ साहेबांनी पाय खाली न सोडता तक्रारीवर शेरा लिहिला, ‘सदर प्राणी या खात्याच्या मालकीचा नाही.’ तो वाळा मी मागच्या कुंडीत सोडला.

पण मला सांगायचं आहे ते केशवापुरातल्या एका दिवडीबद्दल. त्यात माझी थोडी हुशारी आहे आणि बरीचशी चूक आहे. हुशारी मी आजवर सगळ्यांना सांगितली. चूक मात्र पहिल्यांदाच लिहितोय.

त्या गल्लीत अकरा घरं. तोंडाशी देसाई वकील. आडनाव बदललं आहे, वकिलांविषयी लिहिताना ही काळजी घ्यावी. त्यांचं दुमजली घर, वर दोन टाक्या. गल्लीच्या शेवटी सुमनअक्का. लॅमिंग्टन रोडवरच्या मुलींच्या शाळेत शिवण शिकवून निवृत्त झालेल्या, एकट्या राहणाऱ्या, आणि जिभेला सुईपेक्षा बारीक टोक. मी पाणी सोडून त्यांच्या दारावरून गेलो की विचारायच्या, ‘‘काय रे अण्णा, पाणी सोडलंस की नुसती पाणी सोडल्याची बातमी सोडलीस?’’

मला राग यायचा, कारण मी त्या गल्लीला मोजून तेरा फेरे देत होतो. तेरा फेऱ्यांना अक्कांच्या नळाला करंगळीएवढी तरी धार यायलाच पाहिजे. पण दोन तासांनी बंद करायला यावं तर व्हॉल्व्ह कधी बारावर, कधी चौदावर. मग ध्यानात आलं. वकिलांचं कनेक्शन व्हॉल्व्हच्या अलीकडे, बाकी सगळी गल्ली पलीकडे. मी पुढच्या गल्लीत गेलो की कुणीतरी व्हॉल्व्ह आवळत होतं. तो आवळला की पाणी वकिलांच्या टाक्यांत चढणार आणि अक्कांच्या नळातून वारा येणार. मी परत यायच्या आत पुन्हा उघडून ठेवायचं. माणूस हुशार, पण मोजणीत कच्चा.

साहेबांना सांगितलं. साहेब म्हणाले, ‘‘पुरावा आहे का? समोर वकील आहे, अण्णा.’’

पुरावा नव्हता, पण चेंबरात एक दिवड होती. कुणी तिला विरोळा म्हणतात. अडीच-तीन फूट, पिवळसर अंगावर बुद्धिबळाच्या पटासारखे काळे ठिपके, आणि डोळ्याखाली दोन काळ्या तिरक्या रेघा, काजळ ओघळल्यासारख्या. विष अजिबात नाही, स्वभाव मात्र भांडकुदळ. चिडली की मान चपटी करते, पुढचं अंग उचलते आणि नागाची अशी नक्कल करते की भलेभले फसतात. खोटं बोलण्यात ती माझी गुरू. मी तिच्यापासून शिकलो एवढंच.

पुढच्या पाळीला सकाळी वकीलसाहेब फाटकात पेपर वाचत उभे होते. मी त्या दिवशी ठोके मारले नाहीत. झाकण धाडकन उघडलं. दिवड दचकली, तिने मान पसरली आणि फुस्स केलं. मी चार पावलं मागे उडी मारली आणि ओरडलो, ‘‘यप्पा! नागप्पा! एवढा मोठा!’’

वकिलांच्या हातातला पेपर गटारात गेला. त्यांनी लांबून बघितलं. उभी मान आणि हलती जीभ दिसली, तेवढं त्यांना पुरलं.

‘‘आतच राहतो काय रे हा?’’ त्यांनी विचारलं.

‘‘केव्हापासूनचा आहे देव जाणे. माझा हात त्याच्या ओळखीचा आहे. दुसऱ्या कुणी चावी घातली तर मात्र सांगता येत नाही, साहेब.’’

त्या दिवसापासून व्हॉल्व्ह तेरावर ठेवला की तेरावरच सापडू लागला. तिसऱ्या पाळीला सुमनअक्का दारात उभ्या. ‘‘आज नळाला पाणी कसं रे? ऑफिसात कुणी मेलं काय?’’ मी हसत सायकल पुढे काढली. असा आनंद मला पगारवाढीनेही झाला नव्हता.

आमच्या घरी नागपंचमी नसते. आम्ही बुद्धपौर्णिमा करतो, आणि आमच्या आजोबांच्या वेळेपासून साप हा आमच्यासाठी साप आहे, त्याहून कमी नाही आणि जास्तही नाही. त्यामुळे नाग म्हटल्यावर या गल्लीत पुढे काय होईल, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. माझी चूक ती इथं.

आधी झाकणावर हळदकुंकू दिसलं. मग झेंडूची फुलं. मग देसाईवहिनी सोमवारी येऊन झाकणाच्या भोकातून वाटीभर दूध ओतू लागल्या. बघता बघता गल्लीतल्या नऊ घरांचं दूध त्या भोकातून जाऊ लागलं, त्यात लाह्याही आल्या. सगळ्यांत जास्त दूध वकीलसाहेबांचं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं झालं होतं. आपण व्हॉल्व्हला हात लावत होतो हे नागप्पाला ठाऊक आहे, अशी त्यांची पक्की समजूत होती. साप दूध पीत नाही. दिवडीला हवेत बेडूक. ते सगळं दूध खड्ड्याच्या तळाला साचून नासत होतं.

आणि आता धंद्यातली एक गोष्ट सांगतो, जी खात्यातले लोक बाहेर बोलत नाहीत. पाणी बंद केलं की रिकामा होणारा पाइप आत ओढ घेतो. व्हॉल्व्ह जिथून पाझरतो तिथूनच खड्ड्यातलं पाणी आत जातं. पुढच्या पाळीला ते उताराने गल्लीच्या शेवटच्या नळाला पोचतं.

पावसाळ्याच्या शेवटी सुमनअक्का आजारी पडल्या. चार दिवस जुलाब, मग दवाखान्यात सलाईन. परत आल्या तेव्हा भिंत धरून चालत होत्या. मला म्हणाल्या, ‘‘अण्णा, पाण्याला ताकासारखा वास येतोय रे. का माझंच नाक म्हातारं झालंय?’’

मी म्हणालो, ‘‘ऑफिसात सांगतो, अक्का.’’ आणि सरळ घरी गेलो. त्या दिवशी जेवण गेलं नाही. ज्या बाईला पाणी मिळावं म्हणून मी नाग उभा केला, तिच्याच तोंडात मी नासकं पाणी घातलं होतं.

काय करावं? खरं सांगितलं तर दिवड काठीने मरणार, कारण आमच्याकडे नागाला नमस्कार आणि बाकी सगळ्या सापांना दगड. वर अक्कांचं पाणी पुन्हा वकिलांच्या टाकीत चढणार. नाही सांगितलं तर अक्का तेच पाणी पिणार. शेवटी ठरवलं, पाणी महत्त्वाचं. दिवडीला मीच उचलून उणकलच्या तळ्यात सोडेन.

पाळीच्या दिवशी सगळी गल्ली बाहेर होती. मी झाकणाजवळ उभा राहून म्हणालो, ‘‘ऐका हो. हा नाग नाही. ही पाणदिवड आहे, बिनविषारी. मी खोटं बोललो.’’

देसाईवहिनी म्हणाल्या, ‘‘असं बोलू नये हो अण्णा, कोपेल तो.’’

मी चिडलो. खड्ड्यात हात घालून दिवड उचलली. हे कुणी करू नये. मला एवढ्या वर्षांनीही करायला नको होतं, हे पुढच्या क्षणी कळलं. दिवडीने अंगठ्याखाली करकचून चावा घेतला आणि सोडेचना. रक्त कोपरापर्यंत ओघळलं. कुणीतरी किंचाळलं. माझ्या हातून ती सटकली आणि परत खड्ड्यात गेली. मी रक्ताळलेला हात सगळ्यांसमोर धरला. ‘‘बघा! चावली! आणि मला काही होणार नाही! मी इथंच बसतो!’’

मी वकिलांच्या कट्ट्यावर अर्धा तास बसलो. एक कप चहा प्यालो. मला काही झालं नाही. आता तरी पटलं असेल म्हणून मी उठलो, तर वकीलसाहेब पुढे आले, खाली वाकले आणि त्यांनी माझ्या पायांना हात लावला.

‘‘नागप्पा चावला आणि विष चढलं नाही,’’ ते म्हणाले. ‘‘तुम्ही साधे माणूस नव्हे, अण्णा.’’

आयुष्यात पहिल्यांदा देसाई वकील मला ‘तुम्ही’ म्हणाले. गल्लीच्या दुसऱ्या टोकाला अक्का दारात बसून होत्या. त्यांना एवढ्या लांबचं ऐकू येत नव्हतं.

माणसाने किती वेळा खरं सांगावं? मी एकदा सांगून बघितलं होतं. आता मिळालेल्या मोठेपणाचा उपयोग करून घेतला. डोळे मिटले, थोडं थांबलो आणि म्हणालो, ‘‘नागप्पाला दूध चालत नाही. म्हणूनच त्याने मला धरलं. यापुढे या भोकातून काहीही ओतायचं नाही. फुलं वरच ठेवा. आणि चावीला माझ्याशिवाय कुणाचा हात नको.’’ सगळ्यांनी माना हलवल्या. दुसऱ्या दिवशी मी खड्डा उपसून धुतला. पाणी नितळ झालं, अक्का बऱ्या झाल्या, दिवड राहिली. मी दोन वर्षं ही गोष्ट मित्रांना रंगवून सांगत होतो.

माझी नोकरी संपायला वर्ष राहिलं असताना देसाईवहिनींचा फोन आला. वकील दवाखान्यात होते.

त्यांच्या परसात फोडलेल्या लाकडांच्या ढिगाशी नाग निघाला होता, खराखुरा. त्याने फणा काढला, फुत्कार टाकला, मागे सरकायला जागा शोधली. सापाच्या भाषेत ती रीतसर नोटीस होती. एवढी वर्षं कोर्टात काढून वकीलसाहेबांनी ती घेतली नाही. ते हात जोडून पुढे गेले आणि दुधाची वाटी त्याच्यासमोर ठेवायला वाकले. चेंबरातल्यासारखाच आहे, असं ते वहिनींना म्हणाले होते. आपल्या गल्लीतला आहे, आपल्याला काही करणार नाही.

वहिनींनी मांत्रिक-बिंत्रिक न बघता रिक्षा केली, म्हणून ते वाचले. मी गेलो तेव्हा तिसरा दिवस होता. उजवा हात कोपरापर्यंत सुजून काळानिळा, पापण्या अजून जड. मला बघून ते हळू आवाजात म्हणाले, ‘‘अण्णा, मलाच का चढलं हो? तुम्हाला तर काहीच झालं नाही. माझं काय चुकलं?’’

माणूस स्वतःचं पाप शोधत पडला होता, आणि पाप माझं होतं. मी स्टूल ओढून बसलो आणि सगळं सांगितलं. तेरा फेरे, ठोके न मारता उघडलेलं झाकण, माझी उडी, दिवड. नाग असता तर मी तिथं बसून चहा प्यालो नसतो, हेही सांगितलं.

वकीलसाहेब उशीवरून जरा वर सरकले. मग म्हणाले, ‘‘म्हणजे एवढी वर्षं मी एका पाणदिवडीला भिऊन पाणी चोरलं नाही?’’

‘‘होय, साहेब.’’

‘‘कमरीपेठेत मुद्दाम चावी करून घेतली होती मी.’’ त्यांचे खांदे हलू लागले. मला वाटलं रडताहेत. ते हसत होते. नर्स येऊन दोघांना रागावली. मग डावा हात माझ्या हातावर ठेवून ते म्हणाले, ‘‘हे गल्लीला सांगायला पाहिजे रे. उद्या दुसरा कुणी वाटी घेऊन जाईल. या वेळी मी तुझ्या बाजूला उभा राहतो.’’

ते ‘रे’ ऐकून मला फार बरं वाटलं.

त्यांना घरी सोडल्यावरच्या पहिल्या पाळीला आम्ही दोघं चेंबराजवळ उभे राहिलो. वकिलांचा हात गळ्यात अडकवलेला. मी सांगितलं, त्यांनी हात दाखवला. माझं रक्त बघून गल्लीला पटलं नव्हतं, ते त्यांची सूज बघून पटलं. मी झाकण उचलून डोळ्याखालच्या दोन रेघा दाखवल्या, नागाचा फणा कसा रुंद असतो ते सांगितलं, आणि दोघांपैकी कुणालाही हात लावायचा नाही हे दहा वेळा सांगितलं. सुमनअक्का या वेळी हळूहळू चालत पुढपर्यंत आल्या होत्या आणि ऐकत होत्या.

वकिलांचा वरचा भाडेकरू, बांधकामाचा कंत्राटदार, घरात जाऊन लोखंडी सळी घेऊन आला. ‘‘साधा साप आहे तर ठेवायचा कशाला? बर्री, या इकडं, बाजूला व्हा.’’

अक्का त्याच्या आणि खड्ड्याच्या मधे जाऊन उभ्या राहिल्या. ‘‘देसाई,’’ त्या वकिलांना म्हणाल्या, ‘‘ज्याच्यात विष आहे त्याला दूध, आणि ज्याच्यात नाही त्याला सळी? हा कुठला कायदा रे तुमचा?’’

वकिलांनी डाव्या हाताने कंत्राटदाराची सळी काढून घेतली आणि आपल्या फाटकाला टेकवून ठेवली.

मी सुटलो असं मला वाटलं. तेवढ्यात अक्का माझ्याकडे वळल्या. ‘‘आणि तू. ते ताकाचा वास मारणारं पाणी या दुधामुळं होतं, होय की नाही? सांग.’’

‘‘होय, अक्का.’’

‘‘माझ्यासाठी केलंस, मला ठाऊक आहे. पण सलाईन मला लागलं.’’ त्यांनी बोट माझ्याकडे रोखलं. ‘‘आता एक करायचं. दर पाळीला माझ्या नळाचा पहिला पेला तू प्यायचास. माझ्यासमोर. मग मी भरणार.’’

मला वाटलं रागात बोलल्या. पुढच्या पाळीला दारात पेला घेऊन उभ्या. पहिल्या धारेचं पाणी, गढूळसर, तळाला मातीचा कण. मी डोळे मिटून प्यालो. त्याही पुढच्या पाळीला तेच. त्या गळक्या व्हॉल्व्हचा अर्ज मी तीन वर्षांपूर्वी दिला होता, त्याची फाईल कुठल्या टेबलावर झोपली आहे याची मी कधी चौकशीसुद्धा केली नव्हती. गळती थांबली तर बेडूक जातील हा विचारही मनात कुठंतरी होता, खोटं कशाला बोलू? पण स्वतःच्या घशाखाली पाणी जायला लागल्यावर मी रोज ऑफिसात जाऊन बसलो, साहेबांच्या टेबलासमोर. साहेब कंटाळले. नवव्या दिवशी नवा व्हॉल्व्ह बसला.

आणि इकडे काय झालं होतं, तर गल्लीला दिवडीचा नाद लागला होता. मी तीन ठोके मारले की माणसं बाहेर यायची. देसाईवहिनींना आता लांबून दिवड आणि नाग ओळखता यायचे, आणि माहेरच्या फोनवर त्या ते सांगायच्या. कंत्राटदार मोबाईलवर फोटो काढायचा. वकील मला विचारायचे, ‘‘आहे ना?’’ मी म्हणायचो, ‘‘आहे.’’ एवढ्या प्रेमाने तिला कुणी नागप्पा असतानाही बघितलं नव्हतं.

नवा व्हॉल्व्ह थेंबभर पाझरत नव्हता. खड्डा आठवड्यात सुकला. बेडूक गेले. मग एका पाळीला मी ठोके मारले, थांबलो, झाकण उचललं, आणि खाली नुसत्या कोरड्या विटा. सगळे वाकून बघत राहिले. मी सांगितलं, ओल नाही म्हणून बेडूक नाहीत, आणि बेडूक नाहीत म्हणून ती गेली. कुठल्या तरी गळक्या चेंबरात सुखात असेल. हुबळीत तिला जागेची कमी नाही.

मी व्हॉल्व्ह उघडला आणि चावी खांद्यावर टाकून अक्कांच्या घराकडे निघालो. वकीलसाहेब माझ्यामागून गल्लीच्या मध्यापर्यंत आले, इकडेतिकडे बघितलं आणि हळूच म्हणाले, ‘‘अण्णा, जराशी गळती ठेवता येणार नाही का? अगदी थेंबथेंब?’’

मी त्यांच्याकडे बघितलं. माणूस मनापासून विचारत होता. मलाही, खरं सांगतो, तेच पाहिजे होतं. पुढे अक्का पेला घेऊन दारात उभ्या होत्या, आणि त्यांच्यामागे नळाला धार लागल्याचा आवाज येत होता.

‘‘नाही जमायचं, साहेब,’’ मी म्हणालो, आणि जाऊन पाणी प्यालो.